चैत्रातील परसबाग आणि घरचे जेवण : आपले अनुभव लिहा

फाल्गुनात थंडी ओसरली की परसातील मेथी फुलावर येते आणि वेलभाज्यांची आळी करण्याची वेळ होते. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावड्याकडे तांबडी माती आणि मुसळधार पाऊस, तर शिरोळकडे काळी माती आणि पाऊस अगदी बेताचा, त्यामुळे एकाचा सल्ला दुसऱ्याच्या परसाला जसाच्या तसा लागू पडत नाही. म्हणून आपला परिसर सांगून, वळीव पडेपर्यंत बाग कशी जगवता आणि तिच्यातले ताटात काय येते, हे सविस्तर लिहावे, ही विनंती.

करवीर तालुका, नदीकाठ

ऊस तुटून गेल्यावर राहणारे पाचट पेटवून देण्याची पद्धत मला मुळीच पटत नाही. आमच्या सासूबाई ते दोडक्याच्या आळ्यात जाड पसरायला लावतात. त्याने भर उन्हातही खालची माती ओलसर राहते, तण डोके वर काढत नाही आणि पावसाळ्यापर्यंत पाचट कुजून त्याचेच खत होते. दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात आणि तोवर मधमाश्यांचा वावर कमी झालेला असतो, म्हणून फळे धरत नसतील तर परागीकरण हाताने करावे. मादी फुलाच्या पाकळ्यांखाली बोटाएवढा इवला दोडका आधीच दिसतो, नर फुलाचा देठ नुसताच असतो. ते नर फूल तोडून, पाकळ्या मागे सारून, त्याचा पिवळा पराग मादी फुलाच्या मधोमध अलगद टेकवायचा. फळ धरले की फळमाशी डंख करण्याआधी त्यावर कागदी पिशवी चढवतो.

अशा कोवळ्या दोडक्याच्या खरवडलेल्या शिराही आम्ही वाया घालवत नाही. थोड्या तेलावर त्या कुरकुरीत होईपर्यंत परतून तीळ, भाजलेले शेंगदाणे, लसूण आणि मीठ घालून खलबत्त्यात जाडसर कुटल्या की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही.

शिरोळ तालुका

करवीरच्या ताईंचा पाचटाचा उपाय चांगला आहे, परंतु आमच्याकडे पाण्याच्या अतिवापराने पुष्कळ जमीन क्षारपड झाली असून परसातही माती वाळली की वर पांढरा थर दिसतो. तेथे सपाट वाफ्यात घेवडा पिवळा पडतो, पालक मात्र तग धरतो. आम्ही शेणखत घालून उंच गादीवाफे केले, पाणी निघून जाण्यासाठी बाजूने चर काढले आणि त्यानंतर वांगीही चांगली येऊ लागली. काटेरी देठाची ती कोवळी वांगी तीळ-शेंगदाण्याचे कूट भरून मंद आचेवर शिजवतो.

आजरा

आमच्याकडे उन्हाळ्यात शेवगा आणि कोवळा फणस. शेवग्याच्या शेंगांची आमटी आणि घनसाळचा भात, एवढ्यावर जेवण पूर्ण होते.

कागल तालुका

वरच्या सर्व भाज्यांना जी चव येते ती चटणीने, म्हणजे भाजी-आमटीत घालायच्या कांदा-लसूण मसाल्याने, म्हणून तिच्याविषयी लिहिते. थंडीत पेरलेल्या कोथिंबिरीतील एक वाफा आम्ही खुडत नाही. तो फुलावर जाऊन उन्हाळ्याच्या तोंडाला त्याचे धने हाती येतात, आणि लसूणही तेव्हाच निघतो. मिरची मात्र बाजारातून, रंगासाठी ब्याडगी आणि चवीसाठी संकेश्वरी. देठ काढून ती कडक उन्हात वाळवायची. खोबरे, तीळ, धने, जिरे आणि खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, कांदा तेलात तांबूस तळायचा आणि सगळे डंकावर कांडून आणायचे. कांद्यात पाण्याचा अंश राहिला तर वर्षभराच्या चटणीला बुरशी येते, त्यामुळे तळण्याची घाई कधीही करू नये. बरणी भरल्यावर वरून मीठ दाबून बसवावे आणि चटणी काढताना चमचा कोरडाच असावा.