मोडिओलस: डेव्होनियनपासून आजपर्यंत एकच प्रजाती?

प्रश्न – पुराजीव_विद्यार्थी

कच्छच्या मध्य जुरासिक थरांमधील द्विपुट शिंपल्यांची यादी करताना ‘मोडिओलस इम्ब्रिकेटस’ ही जाती वारंवार भेटते. संदर्भ कोष्टकांत मोडिओलस प्रजातीचा (जीनसचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा) काळ डेव्होनियनपासून आजतागायत, म्हणजे सुमारे ३८ कोटी वर्षांचा दाखवलेला असतो. एवढा काळ एकच प्रजाती टिकली, असे खरोखर मानायचे का? शिवाय जुन्या ग्रंथांत हेच शिंपले ‘मोडिओला’ किंवा ‘व्हॉल्सेला’ या नावाने येतात. या नोंदी एकत्र धराव्यात का?

उत्तर – नामसूची

नावांचे आधी सांगतो, कारण ते सोपे आहे. मोडिओलस हे नाव लामार्क यांनी १७९९ मध्ये दिले आणि लिनीअस यांनी १७५८ मध्ये वर्णिलेली ‘मायटिलस मोडिओलस’ ही उत्तर अटलांटिकमधील जाती त्याची प्ररूप जाती, म्हणजे ज्या जातीवरून प्रजातीचे नाव ठरते ती, आहे. पुढे १८०१ मध्ये लामार्क यांनीच ‘मोडिओला’ असे रूप वापरले आणि एकोणिसाव्या शतकात तेच रूढ झाले. दक्षिण भारतातील क्रिटेशस द्विपुटांवरच्या स्टोलिच्का यांच्या १८७१ च्या ग्रंथातही तेच आहे. व्हॉल्सेला हे स्कोपोली यांचे १७७७ चे नाव केवळ जुने म्हणून पुढे आणले गेले होते. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९५५ मध्ये मोडिओलस कायम करून तो वाद मिटवला. मात्र जुन्या मोडिओलात आज ब्रॅकिडॉन्टीस, मस्क्युलस अशा प्रजातींत गेलेल्या जातीही आहेत. त्यामुळे चित्रफलक पाहिल्याशिवाय कोणतीही नोंद उचलू नका.

उत्तर – गाळ_आणि_थर

खरी मेख काळाची आहे. मोडिओलस कशावरून ओळखतात ते पाहा: अंबो (पुटाचा जिथून वाढ सुरू होते तो उंचवटा) अगदी पुढच्या टोकाला नसून किंचित मागे असते, त्याच्या पुढे लहानसा गोलसर भाग उरतो, मागची बाजू रुंदावत जाते आणि बिजागरीला दात नसतात. यांपैकी शेवटची खूण ही अभावाची खूण आहे, आणि बाकीचा आकार बराचसा राहणीतून येतो. स्टीव्हन स्टॅनली यांनी १९७२ मध्ये दाखवले की, गाळात अर्धवट रुतून बिससच्या (शिंपल्याने स्रवलेल्या चिवट) धाग्यांनी खालचे खडे धरून राहणाऱ्या द्विपुटांना हा घाट शोभतो. खडकावर उघड्याने चिकटणाऱ्या मायटिलससारख्या शिंपल्यांत पुढचा भाग आणखी आक्रसतो आणि अंबो टोकालाच जाऊन भिडते. कोकणातले हिरवे शिनाणे, म्हणजे पेर्ना व्हिरिडिस, हातात घेतले की हे लगेच कळते: टोक अणकुचीदार असते, आणि आतून पाहिल्यास पुढच्या बंधक स्नायूचा (पुटे मिटणाऱ्या स्नायूचा) ठसाच सापडत नाही. मोडिओलसमध्ये तो लहान असला तरी असतो.

आता ऑर्डोव्हिशियनमधील मोडिओलोप्सिस आणि डेव्होनियनमधील मोडिओमॉर्फा घ्या. बाहेरून ते मोडिओलससारखे भासतात, तरी त्यांना मायटिलिडी कुलाबाहेर (मायटिलस, मोडिओलस ज्यात येतात त्या कुलाबाहेर) ठेवले जाते. मोडिओमॉर्फाच्या बिजागरीत तर पाचरीसारखा दात असतो. हा दात झाकलेला राहिला, की नमुना मोडिओलसच्या टोपलीत पडलाच म्हणून समजा. शिंपल्याचा मौक्तिक (आतला चकचकीत) थर अरागोनाइट या खनिजाचा असतो, तो भूजलात सहज विरघळतो आणि पुष्कळदा हाती निव्वळ साचा (खडकात उमटलेला ठसा) उरतो, हे त्याचे मोठे कारण आहे.

जिवंत शिंपल्यांचा पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. डॅनियल डिस्टेल यांनी २००० मध्ये रायबोसोमी आरएनएच्या जनुकावरून मायटिलिडी कुलाची वंशावळ मांडली, तेव्हा शरीराचे सारखे घाट या कुलात स्वतंत्रपणे एकाहून अधिक वेळा उत्पन्न झाल्याचे दिसले. एकाच कुलात हे घडते, तर पुराजीव महाकल्पातील (ज्यात डेव्होनियन येतो) केवळ बाह्याकारावर ठरवलेल्या मोडिओलसला आजच्या प्ररूप जातीशी सलग जोडणे मला तरी धाडसाचे वाटते.

प्रतिप्रश्न – पुराजीव_विद्यार्थी

मग कच्छमधील नमुन्यांवरही हाच संशय घ्यावा का?

उत्तर – गाळ_आणि_थर

तितका नको. मोडिओलस इम्ब्रिकेटस ही जाती सोवर्बी यांनी १८१८ मध्ये इंग्लंडमधील जीवाश्मांवरून वर्णिली. जुरासिकमधील असे नमुने मायटिलिडी कुलात निश्चित बसतात आणि त्यांना मोडिओलस म्हणणे रास्तच आहे. डेव्होनियन वा कार्बोनिफेरस नोंदी उद्धृत करताना मात्र प्रजातीचे नाव अवतरणचिन्हांत द्यावे, असे मी सुचवीन.

क्षेत्रकार्यात शिंपला खडकातून सोडवण्याआधी तो थरात कसा बसला आहे ते टिपा. दोन्ही पुटे मिटलेली, पुढचे टोक खाली आणि रुंद बाजू वर असेल, तर तो बहुधा जगला त्याच जागी पुरला गेला आहे. सुटी पुटे आडवी पसरलेली असतील, तर ती लाटांनी वाहून आणलेली समजावीत. कवच शिल्लक असलेला एखादा नमुना तरी बारीक सुईने आतून साफ करा, आणि साचाच मिळाला तर त्यात सिलिकॉन रबर ओतून बिजागरीची प्रतिकृती घ्या. जाती ठरवताना वाढीच्या वलयांपेक्षा ती अधिक उपयोगी पडेल.