६६ व्या वर्षी सुपर टॉप-अप घ्यावा, की तेवढे पैसे एफडीत टाकावेत?

निवांत६६ (सहकारनगर): मी ६६, ही ६३. मला बीपी, हिला थायरॉइड. दोघांत मिळून ५ लाखांची फ्लोटर आरोग्य विमा पॉलिसी आहे. शेजारच्यांच्या बायपासचं बिल ऐकल्यापासून झोप उडालीय. एजंट म्हणतो, त्यावर २५ लाखांचा सुपर टॉप-अप घ्या, डिडक्टिबल ५ लाख (म्हणजे पहिले ५ लाख कंपनी देणार नाही, त्यावरचं देणार). मुलगा बेंगळुरूहून फोनवर म्हणतो, "घेऊन टाका बाबा." हप्ता मी भरणार, म्हणून विचारतोय.

पौडफाटा: अजिबात घेऊ नका. बारा वर्षं इमानेइतबारे हप्ते भरले आणि वडिलांच्या मोतीबिंदूच्या वेळी सब-लिमिट (त्या एका उपचारासाठीची वेगळी मर्यादा) दाखवून निम्मे पैसे कापले. तेव्हापासून तेवढी रक्कम दरवर्षी एफडीत टाकतो. बीपी कधीपासून आहे, हे एफडी विचारत नाही.

क्लेमटेबल: नऊ वर्षं टीपीएत (विमा कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेत) क्लेमच्या फायली तपासल्यात, म्हणून बोलते. पौडफाटा, मोतीबिंदूचं तुमचं खरं आहे, पण तो खर्च खिशातून झेपतो. सुपर टॉप-अप घर विकायची वेळ येऊ नये म्हणून घ्यायचा असतो.

काका, नाव नीट वाचून घ्या. साधा 'टॉप-अप' वेगळा आणि 'सुपर टॉप-अप' वेगळा. समजा एका वर्षात दोनदा अ‍ॅडमिट झालात, दोन्ही बिलं ४-४ लाखांची. साध्या टॉप-अपमध्ये एकही बिल ५ लाखांच्या वर जात नाही, म्हणून हाती शून्य. सुपरमध्ये वर्षाची बेरीज धरतात: ८ लाख, त्यातले वरचे ३ कंपनी देते. एजंट घाईत 'टॉप-अप' म्हणून काहीही खपवतात.

आणि खोलीभाड्याची मर्यादा बघाच. मर्यादा ५ हजार आणि खोली १० हजारांची घेतलीत, तर औषधं, तपासण्या, इम्प्लांट वगैरे सोडून डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, सगळं त्याच प्रमाणात कापतात. लोक इथेच फसतात आणि मग आमच्या टेबलावर येऊन भांडतात.

पौडफाटा: पण बीपीसाठी वेटिंग (जुन्या आजाराचा खर्च सुरुवातीची काही वर्षं न मिळणं) आहेच ना? हृदयाचं काही झालं की बीपीकडे बोट दाखवणार. त्यापेक्षा ७० पूर्ण झाले की सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ५ लाखांपर्यंतचे उपचार फुकट. चारच वर्षं काढायचीत.

तिसरा जिना: आईचं कार्ड काढलंय, उत्पन्नाची अट नाही हे खरं. पण तुमचं नेहमीचं हॉस्पिटल यादीत आहे का, ते आधी बघा. शिवाय काका ७० चे होतील तेव्हा काकू ६७. त्यांना कार्ड नाही. त्यांचं काय करायचं?

पौडफाटा: हे डोक्यात आलं नव्हतं.

क्लेमटेबल: जुन्या आजारांचं वेटिंग २०२४ पासून जास्तीत जास्त ३ वर्षं झालंय, आधी ४ होतं. म्हणजे आज घेतलात तर ६९ ला मोकळे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेलाय. फक्त फॉर्ममध्ये बीपी लपवू नका.

निवांत६६: आज फॉर्म भरायला बसलो. बीपीपुढे '२०१४ पासून' लिहिलं. एजंट म्हणाला, "काका, एवढं खरं लिहायची गरज नाही." दुसरा एजंट शोधतोय. सहकारनगर-बिबवेवाडीकडचा कुणी माहितीचा असेल तर कळवा.