मदत हवी आहे : नववीच्या मुलांनी केलेली नळयोजनेची पाहणी ग्रामसभेत कशी मांडावी?

नमस्कार मंडळी. मी गावातल्या हायस्कूलवर गणित शिकवतो. नववीच्या मुलांना प्रकल्प म्हणून जलजीवन मिशनचं काम तपासायला दिलंय. माणशी रोज ५५ लिटर पाणी हा योजनेचा निकष. मुलं घड्याळ लावून नळाखाली बादली भरतात, मिनिटाला किती लिटर ते काढतात, पाणी किती वेळ येतं त्याने गुणतात आणि घरातल्या माणसांनी भागतात. गणिताच्या तासाला न दिसणारा उत्साह इथे दिसतो! टाकीजवळच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आहे, कामाच्या खर्चाची जागा मात्र कोरी. ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर पंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो, पण आकडा कुठल्या कामाचा, ते मुलांना उलगडत नाही.

माहिती अधिकार कायदा, २००५ मध्ये कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचाही हक्क आहे. अर्ज मुलांच्या नावाने करावा की पालकांच्या? कुणी केलाय का?

खरी अडचण पुढेच आहे. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत निष्कर्ष मांडायचेत. वर्गात सरपंचांचा पुतण्या आहे, ठेकेदाराची मुलगीही. मुलांनी ‘पैसे खाल्ले’ असं न म्हणता फक्त मोजलेलं सांगावं, हे मी बजावतोय. तरी गावात राजकारण शिजायला वेळ लागत नाही. अशी मांडणी कुणी शाळेतून केली असेल तर तक्ता कसा केला, सरपंच-ग्रामसेवकांना आधी दाखवला का, ते कृपया सांगा. नमुना असल्यास इथेच टाका.