कोळशीचे पट्टे
वर विचारलंय की काळी मांजर उन्हात तपकिरी दिसते, म्हणजे ती खरी काळी नाही का, आणि आडवी गेली तर अपशकुन निम्मा धरायचा का. दुसऱ्या प्रश्नाला पूर्ण मार्क!

आमची कोळशी सकाळी गॅलरीत कोवळ्या उन्हात पसरते तेव्हा तिच्या पाठीवर चक्क पट्टे दिसतात. सावलीत आली की गायब. पट्टे असतातच, आई आणि बाप दोघांकडून एक विशिष्ट जनुक आलं की प्रत्येक केस बुडापासून टोकापर्यंत काळा होतो आणि ते झाकले जातात. उन्हाने हे काळं रंगद्रव्य विटतं, म्हणून तपकिरी झाक येते. खाण्यात टायरोसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी पडलं तरी काळे केस लालसर होतात, तेव्हा नुसत्या दूधभातावर ठेवू नका.

अपशकुनाचं म्हणाल, तर आमच्या आजीला मांजर आडवं जायला रंगाची अट नव्हती, पांढरंही चालायचं. ती थांबून दुसऱ्या कोणाला तरी पुढे जाऊ द्यायची. म्हणजे विघ्न त्याच्या माथी! काळ्या रंगावरचा खास राग युरोपातला. पोप नववा ग्रेगरी याच्या 1233 च्या पत्रात पाखंड्यांच्या विधीत काळं मांजर येतं. उलट जपानात तेच शुभ.

आणि 'बॉम्बे' नावाची काळीभोर जात मुंबईची नाही बरं का, ती अमेरिकेत केंटकीत तयार झाली. नाव मात्र आपल्याकडच्या काळ्या बिबट्यावरून सुचलेलं.