‘नाइस’ म्हणजे मूर्ख, मग ‘शिक्षा’ म्हणजे काय?

रानवारा: काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘नाइस हा शब्द लॅटिन नेस्किउस म्हणजे अडाणी यावरून आलाय, तेव्हा कुणाला नाइस म्हणणं हा अपमानच.’ व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष साफ चूक. १३००च्या सुमारास फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा अर्थ मूर्ख हाच होता. पुढे लाजरा, नखरेल, चोखंदळ, काटेकोर असं सरकत अठराव्या शतकात तो ‘छान’वर आला. ‘नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे बारीक फरक, हा मधला अर्थ अजून टिकून आहे. आज ऐकणाऱ्याला जे कळतं तोच अर्थ.

जुनंखोड: ते मीच लिहिलं होतं. बोलणारे म्हणतील तो अर्थ, असं एकदा मानलं की कुठलीही चूक खपते. जेन ऑस्टिनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ कादंबरीतला हेन्री टिल्नीसुद्धा या शब्दावरून नायिका कॅथरिनला टोकतो.

रानवारा: तो टोकतो अतिवापराबद्दल. आणि पूर्वी हा शब्द नीटनेटकेपणा, नाजूकपणा यांसाठीच असावा, असं तो म्हणतो. म्हणजे त्याचं ‘मूळ’सुद्धा मधलंच! मग नेमक्या कुठल्या टप्प्याला मूळ म्हणायचं?

लालरेघ: मला शाळेत निबंधात नाइस लिहिलं की बाई तो खोडायच्या. दुसरा शब्द मात्र कधी सुचवला नाही. अजून लिहिताना हात अडखळतो. शुद्धतेच्या नावाखाली मुलांना गप्प करू नका, एवढंच.

मुक्ता: जुनंखोड, तुमच्या हिशेबाने मराठीतली ‘शिक्षा’ही चूक. संस्कृतात शिकणं, हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. हिंदीभाषक मैत्रीण म्हणाली, ‘माँ ने बहुत शिक्षा दी.’ मी तिचं सांत्वन करत बसले!

जुनंखोड: शिक्षेचा अर्थ मराठीने बिघडवला. शिकवण आणि मार एकच, असं मानणाऱ्यांनी.

मुक्ता: बिघडवला? मग ‘साहस’ही सोडा. स्मृतिग्रंथांत तो बळजबरीचा गुन्हा आहे. उद्या गिर्यारोहकांना गुन्हेगार म्हणणार का?

जुनंखोड: आवाज चढवू नका. मी गिर्यारोहकांबद्दल काही बोललो नाही.

लालरेघ: शिक्षेवर मात्र जुनंखोडांचं पटतं. छडीला शिकवण समजणारे मी पाहिलेत.

रानवारा: विषय नाइसचा होता. ‘सायन्स’ही नेस्किउसमधल्याच ‘जाणणे’ धातूचा. तिथे ज्ञान, इथे अज्ञान, आणि आज दोन्ही चांगलेच शब्द.

जुनंखोड: ठीक. नाइस म्हटल्याने अपमान होत नाही, तेवढं वाक्य मागे घेतो. शिक्षेबद्दलचं नाही.