मदत हवी आहे: डिचोली ते जैसलमेर, मागे छोटा कॅम्पर ओढत

सांखळीकर_ताई
मंडळी, नमस्कार. दिवाळी आटोपली की डिचोलीहून जैसलमेर आणि पुढे तनोट, लोंगेवालापर्यंत जायचं ठरलंय. सासरे सैन्यात होते. १९७१च्या डिसेंबरात लोंगेवालाची लढाई झाली तेव्हा त्यांची तुकडी बाडमेर बाजूला होती. आता ते पंच्याहत्तरीला आलेत, गुडघे साथ देत नाहीत, दर दोन-तीन तासांनी आडवं व्हावं लागतं. विमान-रेल्वेपेक्षा आपली गाडी आणि मागे कॅम्पर, म्हणजे हवं तिथे थांबता येईल, हा विचार केला.

गाडी डिझेल स्कॉर्पिओ. कॅम्पर एका ॲक्सलचा, दोन माणसं झोपतील एवढा, सामान आणि पाण्यासकट साधारण ६४० किलो. स्वयंपाकाचा ओटा मागच्या झाकणाखाली आहे, म्हणून ६० लिटरची पाण्याची टाकीही मागेच बसवलेली. बॅटरी, सोलर, छोटा फ्रिज आहे. ट्रेलरचं आरटीओ रजिस्ट्रेशन आणि विमा झालेला आहे.

खरी काळजी ही: सावंतवाडीच्या बाजूला चालवून पाहिला तेव्हा ताशी ७० च्या पुढे ट्रेलर शेपूट हलवायला लागला. शेजारून मोठी बस गेली की जास्तच. टाकी रिकामी असताना मात्र असं काही जाणवलं नव्हतं. हिचचे, म्हणजे गाडीला ट्रेलर जोडायच्या सांध्याचे, नट-बोल्ट घट्ट आहेत, टायरची हवा बरोबर आहे. गुजरातच्या सरळ हायवेवर ट्रक ओव्हरटेक करताना असं झालं तर? बाबा सोबत असताना मला ही जोखीम घ्यायची नाही.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. जाताना चोर्ला घाट, बेळगाव, पुणे असं जावं की कोकणातून? आणि जैसलमेरजवळच्या सॅमच्या वाळूत ट्रेलर नेता येतो का?

घाटवाट
ताई, तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे: टाकी. हिचवर पडणारा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हवा. तो फार कमी झाला, म्हणजे वजन ॲक्सलच्या मागे गेलं, की ट्रेलर डोलणारच. भरलेली टाकी म्हणजे ६० किलो. ती ॲक्सलच्या एक मीटर मागे आणि हिच तीन मीटर पुढे असेल तर हिचवरचे तब्बल २० किलो उचलले जातात.

मोजायला घरातला वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करा, चाकांना अडसर लावा, आणि पुढचं टोक गाडीच्या हिचइतक्याच उंचीवर राहील असा लाकडी ठोकळा काट्यावर ठेवून त्यावर टेकवा. टाकी भरून एकदा, रिकामी करून एकदा. हिचला किती भार चालतो ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघून घ्या. ट्रेलर जोडल्यावर पुढचं टोक वर राहत असेल तर तेही दुरुस्त करा, त्यानेही डोलणं वाढतं.

डोलायला लागलाच तर स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सलरेटर सोडा. वेग आपोआप उतरू द्या. ब्रेक जोरात दाबू नका, उलट स्टिअरिंग फिरवून त्याला सरळ करायला जाऊ नका. आणि वेग ७० च्या आतच ठेवा, बाबांनाही तेच सोसेल.

रस्ता कोकणातूनच धरा. चोर्ला अरुंद, वळणं दाट, समोरून बस आली तर ट्रेलर मागे घेणं सोपं नाही. महामार्गाचं काम काही ठिकाणी अडचणीचं असलं तरी कशेडीला आता बोगदा आहे. घोडबंदरचा भाग पहाटे पार करा. पुढे अहमदाबाद, सांचोर, बाडमेर, जैसलमेर.

माळढोक_प्रेमी
सॅमच्या टेकड्यांवर ट्रेलर नेऊच नका. कडक जमिनीवर लावून ठेवा, मग एकटी गाडी हवी तर वाळूत न्या, टायरची हवा कमी करून. परत डांबरी रस्त्यावर येण्याआधी हवा भरायला कॉम्प्रेसर जवळ हवाच. त्या भागात डेझर्ट नॅशनल पार्क आहे, माळढोकाचं घर. वाटेल तिथे मुक्काम टाकू नका, गावातल्या किंवा अधिकृत कॅम्पच्या आवारात जागा मागा.

अंधारात गाडी चालवू नका. नीलगाय आणि उंट अचानक रस्त्यावर येतात, उंटाचं अंग काचेच्या उंचीला असतं. महिना तुम्ही बरोबर निवडलाय, उन्हाळा टाळलात: त्याच बाजूच्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी ५१ अंश होतं. हिवाळ्यात मात्र रात्री पारा बराच खाली येतो, बाबांसाठी जाड रजई घ्या.

टायरची जाडी बघून फसू नका. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. महिनोन्‌महिने उभा राहिलेला ट्रेलर रबराला भेगा पाडतो. आपल्या किनाऱ्यावरची खारी हवा तर बेअरिंग आणि लाइटच्या प्लगच्या पिना आतून खाते. निघण्याआधी दोन्ही उघडून बघाच.

सांखळीकर_ताई
घाटवाट, मनापासून आभार. आजच मोजलं. टाकी भरलेली असताना हिचवर ३२ किलो, रिकामी केली तर ५२. म्हणजे भरल्या टाकीने मी जेमतेम पाच टक्क्यांवर चालवत होते! आता टाकी रिकामीच ठेवते आणि पाणी २० लिटरच्या तीन कॅनमध्ये ॲक्सलच्या पुढे, मीटरभर अंतरावर बांधते. हिशेबाने ७२ किलो होतात, मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसतात. काट्यावर पुन्हा मोजून मगच निघेन.

टायरवरचा आकडा पाच वर्षांपूर्वीचा निघाला, नवे घालतोय. लाइटच्या पिनांवर हिरवट थर आहे, त्या बदलतेय. बेअरिंगला हात लावायची माझी तयारी नाही. म्हापसा किंवा डिचोली बाजूला ट्रेलरचं बेअरिंग उघडून साफ करून ग्रीस भरणारा भरवशाचा मेस्त्री कोणाला ठाऊक असेल तर कृपया सांगा. ते झालं की सगळं सामान भरून पत्रादेवीपर्यंत चालवून बघणार आहे.