प्लंबरच्या नावावर टॅप केलं तर नुसतं +९१

बी-४०२ काकू: अहो काल रात्री साडेदहाला फ्लशची टाकी फुटली, पाणी नुसतं धो धो, आणि आपल्या सोसायटीच्या विकीवर प्लंबरच्या नावावर टॅप केलं तर डायलरमध्ये फक्त +९१ येऊन बसलं!! पुढचे दहा आकडे गायब. शेवटी यांनी खाली जाऊन वॉचमनकडून कॉक बंद करून घेतला. कोणी बनवलंय हे?

सेक्रेटरी: काकू सॉरी, ती यादी मीच भरलीये 🙏

सी-११०४: मी एडिटमध्ये जाऊन बघितलं, तुम्ही +९१ नंतर स्पेस दिलीये साहेब. आपलं मीडियाविकी आहे, विकिपीडियावालंच, त्यात एकेरी चौकोनी कंसात पहिल्या स्पेसपर्यंत जे असेल ती लिंक आणि स्पेसनंतरचं सगळं दिसणारं नाव, त्यामुळे लिंक झाली नुसत्या +९१ ची आणि बिचाऱ्या प्लंबरचा नंबर त्याच्या नावात जाऊन बसला.

सेक्रेटरी: मग कसं लिहू?

सी-११०४: असं
[टेल:+९१आणि-लगेच-दहा-आकडे प्लंबर]
टेल आणि आकडे इंग्रजीत टाका, मी इथे मराठी कीबोर्डवर आहे. ईमेलला टेलच्या जागी मेलटू. नुसता ईमेल आयडी टाकला तर मीडियाविकी त्याची लिंक करत नाही.

ए-७०३ काका: गॅस एजन्सीचा लँडलाइन पण लागत नाही. मुलगा दुबईहून माझ्यासाठी सिलिंडर बुक करायला बघत होता.

सी-११०४: काका तिथे +९१ नंतर ०२२ लिहिलंय. +९१ लावलं की ते पुढचं शून्य काढायचं, +९१२२ आणि मग नंबर. उलट ११२, १०१ असल्या नंबरांना +९१ लावायचंच नाही, ते पण लावून ठेवलंय 😐 आग लागली असती म्हणजे!

सेक्रेटरी: अरे बापरे. आत्ता काढतो. आणि मेंटेनन्सच्या फॉर्मची लिंक? तिथे कंस उघडे दिसतायत

सी-११०४: दुहेरी कंस आपल्याच विकीतल्या पानांसाठी, तिथे पानाचं नाव, उभी रेघ, मग दिसणारा मजकूर. बाहेरच्या वेबसाइटला एकेरी कंस आणि स्पेस, रेघ नाही. आणि सुरुवातीला एचटीटीपीएस हवंच, नुसतं डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लिहिलं की ते साधं अक्षर म्हणून पडून राहतं.

ए-७०३ काका: घोडबंदरला टँकर मागवणं याहून सोपं आहे. आणि ईमेल कमिटीचाच टाका हं, माझा पर्सनल काढा, कोणी पण लोनचे मेल पाठवतंय.

सेक्रेटरी: काढला काका. प्लंबरचं दुरुस्त केलंय, काकू एकदा बघा ना.

बी-४०२ काकू: लागला! पण त्याने उचलला की हो, काय काम आहे विचारतोय, आता काय सांगू??

ए-७०३ काका: ठेवू नका, ए विंगची टाकी सकाळपासून ओव्हरफ्लो होतेय, त्याला पाठवा आधी